गुंडीवरचा आकडा



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ शाळा ही व्याख्यानमाला चालवीत आली आहे, त्यांची इतिहास शिकविण्याची एक रीत येथे बसलेल्या जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. लढाई कोणी जिंकली, तह कोणता झाला, मुलूख कोणाकडे गेला, हे सारे सांगून झाले की ते हटकून विचारीत, ‘आणि मेलेल्यांचे काय झाले?’ क्रमिक पुस्तकात या प्रश्नाचे उत्तर नसे. आज मी त्याच प्रश्नाकडे एका फार लहान वस्तूच्या वाटेने जाणार आहे. ती वस्तू म्हणजे सैनिकाच्या कोटाची गुंडी. मी जन्मभर भाषा शिकविली. तेव्हा सेनापतींच्या डावपेचांपेक्षा गुंडीवर कोरलेले अक्षर वाचणे माझ्या आवाक्यातले आहे.

आपल्या जुन्या पोशाखात गुंडीला मोठा मान नव्हता. अंगरखा काय किंवा बाराबंदी काय, ती बंदांनी बांधावयाची. कोठे गुंडी असलीच तर ती सुताची किंवा कापडाची गाठ, आणि तिला अडकवायला एक फासा. धातूची, चपटी, छातीवरून ओळीने खाली उतरणारी गुंडी, म्हणजे बटण, युरोपीय कोटाबरोबर आपल्याकडे आली. तिच्याबरोबर आलेला ‘काज’ हा शब्द आपण इतका घरचा मानतो की त्याचे कूळ कोणी विचारीत नाही. तो पोर्तुगीज ‘काझा’वरून आलेला आहे. काझा म्हणजे घर; गुंडीचे घर ते काज. पुढे जे सांगावयाचे आहे त्याला हा अर्थ उपयोगी पडेल.

गुंडीवर पलटणीचा आकडा घालण्याची प्रथा फ्रेंच सैन्यात १७६२ मध्ये आणि ब्रिटिश सैन्यात १७६७ मध्ये आली. त्यामागे कसलीही भावना नव्हती. पलटणीपलटणींत भेद कळावा, सरकारी कोट कोणाचा हे ओळखता यावे, इतकाच व्यवहार. कारकुनी सोयीसाठी धातूवर पाडलेला हा आकडा शेदोनशे वर्षांनी मातीतून निघेल आणि एखाद्या हाडांच्या ढिगाऱ्याची एवढीच साक्ष उरेल, असे त्या कारकुनांच्या स्वप्नातही आले नसेल.

साक्ष उरते यालाही कारण आहे. माणसाबरोबर पुरलेल्या वस्तूंपैकी कापड प्रथम कुजते, मग कातडे. लोखंड गंजून फुगते आणि त्याचा आकार जातो. तांबे-पितळेवर मात्र हिरवट कीट चढते आणि ते कीटच आतील धातूला राखते. इतकेच नव्हे, तांब्याचे क्षार कुजविणाऱ्या जंतूंना मारक असल्यामुळे गुंडीच्या मागचा कापडाचा बोटभर तुकडा पुष्कळदा शिल्लक राहतो. सबंध कोट नाहीसा होतो आणि गुंडीच्या आश्रयाने त्याचा रंग तेवढा टिकतो.

आता आपण लिथुआनियाच्या राजधानीत, विल्निअस येथे जाऊ. २००१ च्या शरद ऋतूत त्या शहराच्या उत्तर भागात, जेथे पूर्वी सोव्हिएत सैन्याची छावणी होती, तेथे बांधकामासाठी जमीन खोदताना यंत्राच्या दातात माणसांची हाडे आली. एक-दोन नव्हेत, थरावर थर रचलेली. त्या शहराचे विसावे शतक ज्यांना माहीत आहे त्यांच्या मनात प्रथम काय आले असेल, हे सांगावयास नको. स्टालिनच्या गुप्त पोलिसांनी मारलेले लोक असावेत, किंवा हिटलरच्या काळातील बळी असावेत, अशी शंका घेतली गेली. विसाव्या शतकाने त्या भूमीला इतके मृत्यू दिले आहेत की एखादी सामूहिक कबर सापडली तर तिच्यावर हक्क सांगणारी दुःखे अनेक. कबर कोणाची, हे ठरविल्याशिवाय शोक कोणी करावयाचा, हेसुद्धा ठरत नव्हते.

मग माती चाळली गेली. नेपोलियनची मुद्रा असलेली नाणी निघाली आणि गुंड्या निघाल्या. गुंड्यांवर आकडे होते. ते फ्रेंच सम्राटाच्या पलटणींचे होते. साल नक्की झाले : १८१२.

त्या सालाची हकीकत थोडक्यात सांगतो. २४ जून १८१२ रोजी नेपोलियनच्या सैन्याने नेमान नदी ओलांडून रशियाच्या साम्राज्यात पाऊल टाकले आणि चारच दिवसांत तो विल्निअसमध्ये होता. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ मध्ये या मोहिमेचा एक आलेख काढला. तो इतिहासशिक्षकांनी वर्गात अवश्य लावावा. जाताना ४,२२,००० माणसांची रुंद पट्टी आणि परतताना १०,००० माणसांची एक बारीक काळी रेघ. त्याच आलेखाखाली परतीच्या वाटेवरील थंडी रोमर मापात दिली आहे. ६ डिसेंबरला शून्याखाली ३० अंश. आपल्या सेल्सिअस मापात उणे ३७ हून खाली. सम्राट स्वतः ५ डिसेंबरला स्मोर्गोन येथून सैन्य मागे ठेवून निघून गेला. त्यानंतर तीन-चार दिवसांत जे विल्निअसला पोहोचले त्यांना सैन्य म्हणणे कठीण. १० डिसेंबरला रशियन फौजा शहरात आल्या तेव्हा घरे, मठ आणि रस्ते आजाऱ्यांनी व प्रेतांनी भरलेले होते. जमीन गोठलेली, तीत नवा खड्डा घेणे अशक्य. म्हणून तयार असलेल्या खंदकात प्रेते टाकण्यात आली. तो खंदक फ्रेंचांनीच उन्हाळ्यात, येताना, संरक्षणासाठी खणला होता, असे मानले जाते.

लिथुआनियन आणि फ्रेंच संशोधकांनी मिळून हे उत्खनन पुरे केले. तीन हजारांहून अधिक माणसे मोजली गेली. बहुतेक तरुण, पंचविशी-तिशीच्या आतले. काही तर मुलेच म्हणावीत अशी. सैन्यामागून चालणाऱ्या काही स्त्रियाही त्यांत होत्या. आपण सहज ‘फ्रेंच सैन्य’ म्हणतो. पण त्या फौजेत पोलिश होते, इटालियन होते, जर्मन संस्थानांतील होते, डच आणि क्रोएशियन होते, पोर्तुगीजांचीही एक लीजन होती. भाषा निराळ्या, देव आळवण्याच्या रीती निराळ्या. हाडांवरून यातले काहीच कळत नाही. जे थोडे कळले त्यातले बरेचसे गुंड्यांवरून. २००३ मध्ये त्या सर्वांना विल्निअसच्या अंताकाल्निस या स्मशानभूमीत पुन्हा माती देण्यात आली.

येथे मला एका लोकप्रिय कथेची दखल घ्यावी लागते, कारण रसायनशास्त्र शिकविणाऱ्या मंडळींना ती फार प्रिय आहे. कथा अशी : पांढरे, चकचकीत कथील सुमारे १३ अंशांखाली सावकाश रूप पालटते आणि त्याची करड्या रंगाची भुकटी होऊ लागते. नेपोलियनच्या सैनिकांच्या गुंड्या कथलाच्या होत्या. रशियाच्या थंडीत त्यांचे पीठ झाले. कोट उघडे पडले. हात शस्त्र धरण्याऐवजी कपडे सावरण्यात गुंतले. आणि एका धातूच्या रोगाने एक साम्राज्य बुडाले. २००३ मध्ये या कथेवरून शीर्षक घेतलेले ‘नेपोलियन्स बटन्स’ नावाचे एक पुस्तकही निघाले. पुस्तक वाचनीय आहे, आणि त्याच्या लेखकांनी स्वतःच ही कथा पुराव्याने सिद्ध झालेली नाही अशी सावधगिरी बाळगली आहे. पण सावधगिरी मागे राहते आणि कथा पुढे धावते.

कथा तपासून पाहू. फ्रेंच सैन्याचा कणा असलेल्या लाइन इन्फन्ट्रीच्या गुंड्या पिवळ्या धातूच्या, म्हणजे पितळी वर्गातल्या असत. पांढऱ्या गुंड्या काही विभागांच्या होत्या, परंतु त्या काळचे कथील शुद्ध नसे. त्यात शिसे मिसळलेले असे, आणि अशी भेसळ हे रूपांतर रोखून धरते. शुद्ध कथीलसुद्धा दोन-चार आठवड्यांत भुकटी होईल अशी खात्री नाही. हे सारे तर्क बाजूला ठेवले तरी विल्निअसच्या खंदकाचे उत्तर पुरेसे आहे. जेथे वर्षातील बराच काळ तापमान १३ अंशांच्या खाली असते, त्या मातीत जवळजवळ १९० हिवाळे काढून गुंड्या बाहेर आल्या आणि त्यांवरचे आकडे वाचता आले.

मग माणसे कशाने गेली? उपासमार व थंडी तर होतीच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात ३५ सैनिकांचे दात तपासले गेले. दातांच्या पोकळीत, रक्त जेथवर पोहोचते तेथे, जंतूंचे अवशेष टिकून राहतात. ३५ पैकी १० जणांत खंदकज्वर किंवा प्रलापक ज्वर यांच्या खुणा मिळाल्या. खंदकातल्या मातीत उवांचे अवशेषही मिळाले, आणि हे दोन्ही रोग उवांनी पसरतात. २०२५ मध्ये आणखी १३ जणांचे दात नव्या पद्धतीने तपासले, तेव्हा काहींत पॅराटायफॉइडचे आणि उवांमुळेच होणाऱ्या पुनरावर्ती ज्वराचे जंतू सापडले. उवा राहतात कोटाच्या शिवणीत. ज्या सैनिकाला थंडीमुळे आठवडेच्या आठवडे कोट उतरविता आला नाही, त्याच्या अंगावर त्या सुखाने वाढल्या. म्हणजे लोककथा म्हणते की गुंड्या तुटल्या म्हणून माणसे मेली. मला तर वाटते, गुंड्या घट्ट राहिल्या आणि कोट अंगाबाहेर निघालाच नाही, हे कारण सत्याच्या अधिक जवळचे आहे.

गुंडी बोलते खरी. पण ती किती बोलते याची मर्यादाही ओळखली पाहिजे. ती पलटण सांगते, नाव सांगत नाही. आणि पलटण सांगण्याचा हा गुणही सर्व काळी सारखा राहिला नाही. ब्रिटिश सैन्याने १८७१ मध्ये साध्या शिपायांच्या गुंड्यांवरचे आकडे काढून टाकले आणि सर्वांना राजचिन्हाची एकच गुंडी दिली. परिणाम असा की पहिल्या महायुद्धाच्या रणभूमीवर ब्रिटिश शिपायाची गुंडी सापडली तर हा ब्रिटिश, एवढेच कळते. पलटण शोधावयाची तर खांद्यावरचे पितळी अक्षर किंवा आकडा शोधावा लागतो. गळ्यात ओळखीची चकती असे. पण १९१४ मध्ये ॲल्युमिनियमची चकती जाऊन दाबून घट्ट केलेल्या तंतूंची चकती आली. तिच्यावर नाव होते आणि तीच मातीत कुजली. जे टिकले त्यावर नाव नाही, आणि ज्यावर नाव होते ते टिकले नाही.

२०१६ मध्ये उत्तर फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलच्या परिसरात चर खणताना काही सैनिकांचे अवशेष मिळाले. त्यांतील दोघांच्या खांद्यांवरच्या खुणेचा आकडा होता ३९. ही ३९ वी गढवाल रायफल्स. १९१४-१५ च्या हिवाळ्यात हिंदुस्थानातून गेलेल्या ज्या फौजेने त्या चिखलात दिवस काढले, तीत ही पलटण होती. तिच्या दोघांना, दरवानसिंग नेगी आणि गबरसिंग नेगी यांना, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. गबरसिंग न्यव्ह शापेललाच पडले. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या दोन अनाम सैनिकांना लावांतीच्या सैनिकी स्मशानभूमीत सन्मानाने मूठमाती देण्यात आली आणि त्या वेळी त्यांच्या रेजिमेंटची माणसे हजर होती. त्यांची नावे कळली नाहीत. तरी शंभर वर्षांनी त्यांना आपली पलटण भेटली. काज म्हणजे घर, असे मी मघाशी म्हणालो, ते येथे आठवते.

हे घडले याचे कारण, खणणाऱ्यांनी काम थांबविले आणि जाणकारांना बोलाविले. वस्तू कोठे, कोणत्या थरात, कोणत्या हाडापाशी होती, याची नोंद झाली. ही नोंद नसेल तर काय होते, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. पंजाबातील अजनाळा येथे १ ऑगस्ट १८५७ रोजी २६ व्या नेटिव्ह इन्फन्ट्रीचे निःशस्त्र झालेले शिपाई मारून एका विहिरीत टाकण्यात आले. अमृतसरचा डेप्युटी कमिशनर फ्रेडरिक कूपर याने पुढल्याच वर्षी पुस्तक लिहून ते अभिमानाने सांगितले. २०१४ मध्ये स्थानिक लोकांनी श्रद्धेने, स्वतःच्या हातांनी, ती विहीर उपसली. हेतू निर्मळ होता, परंतु शास्त्रीय पद्धत नव्हती. सांगाडे मोडले, हाडे मिसळली, कोणत्या हाडापाशी कोणते नाणे होते हे कायमचे पुसले गेले. दातांच्या अभ्यासातून २०२२ मध्ये एवढे निष्पन्न झाले की ते शिपाई गंगेच्या खोऱ्यातले होते. बाकीचे जे कळू शकले असते, ते कळणार नाही. धातुशोधक यंत्र घेऊन रणभूमीवर फिरणारे आणि गुंड्या बाजारात विकणारे शौकीन युरोपात आहेत. त्यांच्याविषयी मला राग आहे, तो या कारणाने. गुंडी मातीतून उचलून खिशात घातली की ती वस्तू राहते. तिची साक्ष संपते.

आता आपल्या दाराशी येऊ. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडलेल्या सामान्य मराठी शिपायाच्या अंगावर आकडा नव्हता. दक्षिणेत जी सांकेतिक चिठ्ठी आली असे सांगतात, तीत मोठ्यांची मोजदाद मोत्यांनी आणि मोहरांनी झाली. शिपाई खुर्द्यात गेले, आणि खुर्दा मोजला गेला नाही. पुढे कंपनीच्या आणि मग राणीच्या नोकरीत आपला माणूस आकड्याखाली आला. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या आकड्यांच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात, सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये होत्या. डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत कुत-अल्-अमारा येथे त्या वेढ्यात अडकल्या. शरणागती झाली तेव्हा सुमारे १३ हजार माणसे कैदेत गेली आणि वाळवंटातून चालविली गेली. त्यांतील कित्येक वाटेवर पडले. त्यांची कबर नाही.

त्यांच्यासाठी बसऱ्याला १९२९ मध्ये स्मारक उभे राहिले. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि कबर नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे ते स्मारक. त्यावर ब्रिटिश शिपायाचे नाव कोरले गेले. हिंदी साध्या शिपायांचे मात्र पलटणीगणिक आकडे. १९९७ मध्ये ते स्मारक हलवून दूर वाळवंटात नेले गेले. २०२१ मध्ये राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने स्वतःच अहवाल काढून मान्य केले की पहिल्या महायुद्धातील ४५ ते ५४ हजार मृतांची आठवण असमान रीतीने जपली गेली, आणि किमान १ लाख १६ हजार, कदाचित त्याहून कितीतरी अधिक, यांची नावानिशी नोंदच झाली नाही. हे बहुतेक आफ्रिकेतले आणि आशियातले.

आपल्या गावांत काय आहे? कोकणात, साताऱ्याकडे, घाटावर, एखाद्या चावडीच्या किंवा शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी दिसते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात इतके लोक गेले, त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले. दोन आकडे. गाव तीनशे उंबऱ्यांचे, प्रत्येक मेलेल्याचे घर सर्वांना माहीत, तरीही पाटीवर नाव नाही. सरकारने पाठविलेल्या पाटीत रिकामी जागा आकड्यापुरतीच होती.

आणि आकडाही स्थिर नाही. १९२२ च्या पुनर्रचनेत जुने आकडे मोडले. १०३ ची ५ व्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण झाली, १०५ ची दुसरी, ११० ची तिसरी, ११६ ची चौथी, ११७ ची पाचवी. त्यातल्या तिसरीचे स्वातंत्र्यानंतर पॅराशूट रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीत रूपांतर झाले. ज्याला ही साखळी ठाऊक नाही त्याच्या हाती ११० चा बिल्ला आला तरी तो मुका. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राच्या सावलीत राहणाऱ्या आपल्या मुलांना तरी ही साखळी पाठ असावी, असे मला वाटते. सनावळ्या पाठ करण्यात त्यांचा जेवढा वेळ जातो, त्याचा विसावा हिस्साही यास लागणार नाही.

मी महाविद्यालयात शिकवीत असताना खानापूर तालुक्यातील एका विद्यार्थ्याने मला त्याच्या घरचा एक पितळी बिल्ला दाखविला होता. त्यावर इंग्रजी आकड्यांत ११७. घरात त्याला ‘पणज्यांचा शिक्का’ म्हणत आणि खंडेनवमीला कोयता-विळ्याबरोबर त्यालाही चिंचेने घासून हळद-कुंकू वाहत. पणजोबा बसऱ्याच्या लढाईत गेले, एवढेच त्यांना ठाऊक. ११७ हे देवाचे काही यंत्र असावे, अशी आजीची समजूत. मी त्याला पलटणीची हकीकत सांगितली आणि घरी जाऊन आजीला पणजोबांचे पूर्ण नाव विचारून ये म्हटले. आठ दिवसांनी तो नाव, वडिलांचे नाव, वाडी आणि पत्नीला किती वर्षे पेन्शन मिळाली ते एका कागदावर लिहून घेऊन आला. मी तो कागद वहीत डकवून ठेवला. नंतरच्या वर्षांत तशी आणखी नावे आली; या व्याख्यानाची तयारी करताना मोजली तेव्हा एकोणीस भरली. ती वही मी आज शाळेच्या ग्रंथालयात देत आहे. पहिली बारा पाने भरली आहेत, पुढची कोरी आहेत. ज्यांच्या घरी असा काही धातूचा तुकडा, पेन्शनचे कागद किंवा नुसती आठवण असेल, त्यांनी ग्रंथपालांकडून वही मागून घ्यावी आणि लिहावे. नाव प्रथम, मग वडिलांचे नाव, मग गाव. आकडा शेवटी.